खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी: गच्चीवरचा सौर ऊर्ध्वपातक बांधताना

पुण्याहून समुद्र गाठायचा तर ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरावा लागतो, त्यामुळे समुद्राचे पाणी गोडे करण्याचे उपकरण पुण्यातल्या गच्चीवर बांधणे प्रथमदर्शनी अस्थानी वाटेल. तरीही ते आधी इथेच बांधून पाहावे असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे व्यावहारिक आहेत. काच, स्टीलचा पत्रा, प्लायवूड, सीलंट आणि नळ्या हे सारे साहित्य रविवार पेठ, नाना पेठ आणि भवानी पेठ एवढ्या टापूत मिळते, चूक झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन आणता येते, मार्च ते मे या काळात ऊन भरपूर असते, आणि समुद्राचे पाणी म्हणाल तर तेही घरी तयार करता येते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. दहा लिटर पाण्यात ३५० ग्रॅम जाडे मीठ विरघळवले की चाचणीपुरता समुद्र बादलीत आला. आमची पेटी शेवटी श्रीवर्धनकडे मावशीच्या घरी गेली, कारण तिथल्या विहिरीचे पाणी उन्हाळा चढला की मचूळ होते. पण त्याआधी ती दोन उन्हाळे इथल्या गच्चीवर होती आणि बहुतेक चुका इथेच होऊन गेल्या.

तत्त्व सगळ्यांच्या ओळखीचे आहे. भाताच्या पातेल्यावरची ताटली उचलली की तिच्या खालच्या बाजूला थेंब जमलेले दिसतात. पातेल्यात मीठ घातलेले असले तरी ते थेंब खारट नसतात, कारण पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ मागे राहते. सौर ऊर्ध्वपातक म्हणजे हेच पातेले उथळ व काळे केलेले, आणि ताटलीच्या जागी तिरपी काच बसवलेली. ऊन काचेतून आत जाते, काळा तळ ते शोषून पाणी तापवतो, वाफ काचेच्या थंड आतल्या बाजूवर जमते आणि थेंब काचेवरून ओघळत खालच्या पन्हळीत येतात. या पद्धतीचा मोठा प्रयोग १८७२ साली चिलीतील लास सालिनास येथे झाला. तिथे खाणीवर लागणारे गोडे पाणी हजारो चौरस मीटर काचेखाली खाऱ्या पाण्यापासून मिळवले जात असे. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे.

आधी हिशेब

हत्यारे हातात घेण्यापूर्वी किती पाणी मिळणार हे कागदावर मांडावे, कारण या उपकरणाकडून अवास्तव अपेक्षा ठेवणारे लोक पंधरा दिवसांत ते अडगळीत टाकतात. पुण्यात वर्षभराची सरासरी धरली तर सपाट जागेच्या एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण साडेपाच युनिट सौरऊर्जा पडते. एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल, म्हणजे एकूण सुमारे १९,८०० किलोज्यूल. साठ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २,३६० किलोज्यूल अप्रकट उष्मा लागतो. सगळे ऊन वाफेतच गेले असते तर दिवसाला आठ लिटरांहून थोडे जास्त पाणी मिळाले असते, परंतु साध्या पेटीची कार्यक्षमता ३० ते ४० टक्केच असते. काचेवरून परावर्तन होते, तळातून व बाजूंनी उष्णता जाते, आणि काचेवर जमणारी वाफ आपला उष्मा बाहेरच्या हवेला देऊन टाकते. म्हणून एका चौरस मीटरला दिवसाला अडीच ते साडेतीन लिटर हा प्रामाणिक आकडा आहे. चैत्र-वैशाखात तो वरच्या टोकाला जातो, डिसेंबरात खाली येतो, आणि आषाढात फारसा उरत नाही.

चार माणसांच्या घराला पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी रोज वीस लिटर पाणी धरले, तर सुमारे सात चौरस मीटर काच लागेल. एवढी काच एकदम घेऊ नये. अर्ध्या चौरस मीटरची एक पेटी बांधावी, ती महिनाभर चालवावी, रोजचे पाणी मोजून वहीत लिहावे आणि मग वाढवावे.

पेटीची बांधणी

खारे पाणी ज्या उथळ ताटात राहणार त्याचे आतले माप १००० मिलिमीटर लांब व ५०० मिलिमीटर रुंद धरावे. ते कशाचे करावे याबाबत सल्ले पुष्कळ मिळतील. गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वस्त पडतो, पण गरम खाऱ्या पाण्यात तो लवकर गंजतो. अॅल्युमिनियमला बारीक छिद्रे पडतात. तांबट आळीतली तांब्याची भांडी पाहून तांब्याचा मोह होईल, पण खारे पाणी तांब्यालाही खाते आणि इथे ते वापरू नये. नेहमीचे ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील चालते, मात्र ते वेळच्या वेळी धुतले नाही तर क्षारांमुळे त्यालाही खड्डे पडू लागतात. खरोखर समुद्रकाठी ठेवायचे असेल तर ३१६ प्रतीचे घ्यावे. ताट ५० मिलिमीटर खोल करून घ्यावे आणि कोपरे वेल्डिंगने पूर्ण बंद करावेत. रिव्हेट मारलेले सांधे पाणी धरत नाहीत. कोकणात घराच्या अंगणात कायमचे बांधकाम करायचे असेल, तर विटांच्या कठड्यात काळा कडप्पा बसवून तळ करण्याचा विचार करावा. तो मुळातच काळा असतो आणि गंजण्याचा प्रश्न येत नाही, म्हणून मला तो पर्याय आवडतो, जरी तो सकाळी तापायला वेळ घेतो.

स्टीलच्या ताटाचा तळ काळा करण्यासाठी उष्णता सोसणारा मॅट काळा रंग द्यावा आणि मग घाई करू नये. आम्ही रंग दिल्यावर दोन दिवसांत पाणी भरले आणि आठवडाभर पन्हळीतून येणाऱ्या पाण्याला टर्पेंटाइनसारखा वास येत राहिला. रंगातले द्रव पाण्याप्रमाणेच वाफ होऊन काचेवर जमतात, हे तेव्हा नाकाने शिकवले. रंग दिलेले ताट किमान आठवडाभर कडक उन्हात कोरडे तापू द्यावे, आणि हे काम ताट पेटीत बसवण्यापूर्वी करावे.

बाहेरची पेटी १९ मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायची करावी; ती भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मापात कापून मिळते. ताटाच्या तळापासून मोजली असता दक्षिणेकडची पुढची भिंत ८० मिलिमीटर आणि उत्तरेकडची मागची भिंत २५५ मिलिमीटर उंच ठेवावी. यामुळे काचेला सुमारे १९ अंशांचा उतार मिळतो, जो पुण्याच्या साडेअठरा अंश अक्षांशाच्या जवळ जातो. उतार दहा अंशांहून कमी झाला तर थेंब ओघळण्याऐवजी जागच्या जागी मोठे होऊन पुन्हा खाऱ्या पाण्यात पडतात. पुढची भिंत उंच करण्याचा मोहही टाळावा. मेच्या मध्यावर, शून्य सावली दिवसाच्या आसपास, सूर्य माथ्यावर असतो तेव्हा भिंतीच्या उंचीने काही बिघडत नाही. पण डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य माथ्यापासून ४२ अंश दक्षिणेला झुकलेला असतो, आणि तेव्हा ८० मिलिमीटरची भिंतसुद्धा पाण्यावर पाच-सहा सेंटिमीटर सावली टाकते. मागच्या व बाजूच्या भिंतींना आतून पांढरा रंग किंवा चकचकीत पत्रा लावावा, म्हणजे त्यांच्यावर पडणारे ऊन पाण्याकडे वळते.

ताट व पेटीचा तळ यांच्यामध्ये उष्णतारोधक थर हवा. थर्मोकोल सहज मिळतो, पण पेटी एखाद्या दिवशी कोरडी राहिली तर तळ इतका तापतो की थर्मोकोल आकसून वितळतो. आमचा वितळला. रॉकवूलची ५० मिलिमीटर जाडीची गादी प्लास्टिकमध्ये गुंडाळून घालावी. कोकणात असाल तर भाताचा सुका तूस पिशव्यांत भरून तोच थर करता येतो आणि तो चांगले काम देतो.

काच साधी, स्वच्छ, ४ मिलिमीटर जाडीची घ्यावी. पेटी पूर्ण झाल्यावरच तिचे माप घ्यावे आणि कडा घासून घ्याव्यात. काचेऐवजी अॅक्रिलिक किंवा प्लास्टिकचा कागद लावू नये, कारण काचेवर वाफ पातळ थरासारखी पसरून वाहते, तर प्लास्टिकवर ती गोल थेंबांच्या रूपात चिकटून राहते आणि ते थेंब ऊन परत फेकतात.

पुढच्या भिंतीला आतून, काचेच्या खालच्या कडेच्या लगेच खाली, स्टेनलेस स्टीलची २५ मिलिमीटर रुंद पन्हळ बसवावी. हा या उपकरणातला सर्वात नाजूक भाग आहे. पन्हळीला निर्गमाच्या दिशेने मीटरमागे किमान १० मिलिमीटर उतार हवा आणि भिंतीला लागणारी तिची कड सीलंटने बंद हवी. आमच्या पहिल्या पेटीत पन्हळ डोळ्यांनी सरळ दिसत होती, पण तिला उतार नव्हता. पाणी तिच्यात साचे आणि दुपारी भरून मागे खाऱ्या पाण्यात सांडे. पाणपातळीची नळी लावून पाहिल्याशिवाय पन्हळ पक्की करू नये. निर्गमाला खाद्यप्रतीची सिलिकॉनची नळी जोडून तिला बाहेर यू आकाराचा वळसा द्यावा, जसा वॉश बेसिनच्या खाली असतो, म्हणजे वळशात साचलेले पाणी वाफेला बाहेर पडू देत नाही. गोडे पाणी काचेच्या बरणीत घ्यावे आणि बरणी सावलीत ठेवावी.

खारे पाणी भरण्याची नळी मागच्या बाजूने आणून तिचे टोक ताटाच्या तळाशी न्यावे. वरून धार सोडली तर शिंतोडे पन्हळीत जातात, आणि एक चमचा खारे पाणी दिवसभराचे काम बिघडवते. तळाशी एका कोपऱ्यात निचऱ्यासाठी तोटी ठेवावी.

सांधे

या लेखातले एकच काही लक्षात राहणार असेल तर ते सांध्यांबाबत राहावे. ऊन आपल्या हाती नाही आणि काचेचा आकार एकदा ठरला की ठरला; हाती असते ते फक्त वाफ कोंडून ठेवणे. पहिल्या उन्हाळ्यात आमच्या पेटीतून हिशेबाच्या निम्मेही पाणी मिळत नव्हते. आधी रंगाला, मग काचेला, मग पुण्याच्या धुळीला दोष देऊन झाला. शेवटी एका रात्री विजेरी पेटवून आत ठेवली, काचेवर जाड चादर अंथरली आणि अंधारात पेटीभोवती फिरून पाहिले. मागच्या डाव्या कोपऱ्यात, काच आणि प्लाय यांच्या मध्ये, दोऱ्याएवढी बारीक उजेडाची रेघ वीतभर लांब दिसत होती. तेवढ्या फटीतून रोज वाफ जात होती. ती बुजवल्यावर मिळणारे पाणी जवळपास दुपटीवर गेले.

काच थेट लाकडावर चिकटवू नये. भिंतींच्या माथ्यावर सिलिकॉन रबराची पट्टी बसवावी, तिच्यावर काच ठेवावी, वरून अॅल्युमिनियमच्या पट्ट्या स्क्रूने हळूहळू व सारख्या दाबून आवळाव्यात आणि मग बाहेरच्या कडेने सिलिकॉन सीलंटची रेघ ओढावी. असे केले की वर्षातून एकदा ब्लेडने सीलंट कापून काच उचलता येते व आतून साफ करता येते. ज्या सीलंटला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्याचा वास पाण्यालाही लागतो; न्यूट्रल प्रकारचे सीलंट मागून घ्यावे आणि ते तीन-चार दिवस पूर्ण वाळू द्यावे.

चालवणे

पेटी गच्चीवर अशा जागी ठेवावी की सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत तिच्यावर टाकीची, जिन्याच्या खोलीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली येणार नाही. ताट लांबी-रुंदी दोन्हीकडे पातळीत हवे, नाहीतर एका बाजूचा तळ उघडा पडतो आणि तिथे क्षारांचा पांढरा थर बसतो. सकाळी ऊन चढण्यापूर्वी २० मिलिमीटर उंचीपर्यंत पाणी भरावे; या मापाच्या ताटात ते दहा लिटर होते. पाणी जितके उथळ तितके ते लवकर तापते, त्यामुळे जास्त पाणी भरले की जास्त मिळेल हा समज सोडून द्यावा. तळाशी काळे सुती कापड अंथरले तर तेही बाष्पीभवनाला मदत करते. सकाळी दहापर्यंत काचेवर नुसते धुके दिसेल, त्यात पहिली ओघळ उमटायला अकरा वाजतील, आणि सूर्यास्तानंतरही काही तास थेंब येत राहतील, कारण काच गार होते पण पाणी अजून गरम असते. म्हणून दिवसाचे पाणी संध्याकाळी मोजू नये, दुसऱ्या दिवशी सकाळी मोजावे.

रोज दीड लिटर पाणी उडून गेले तर तीन दिवसांत ताटात साडेपाच लिटर उरते आणि त्याचा खारटपणा जवळजवळ दुप्पट होतो. समुद्राच्या खऱ्या पाण्यात मिठाखेरीज कॅल्शियमचे क्षारही असतात. पाणी घट्ट होत गेले की ते तळावर पांढरे चिकटतात आणि काळा तळ ऊन शोषण्याऐवजी परत फेकू लागतो. त्यामुळे दर तिसऱ्या दिवशी उरलेले पाणी तोटीने काढून टाकावे, ताट विसळावे आणि ताजे पाणी भरावे. हे तीव्र खारे पाणी कुंड्यांत, बागेत किंवा बोअरवेलजवळ ओतू नये, जमीन खराब होते. पुण्यात ते उथळ घमेल्यात उन्हात सुकवून उरलेले मीठ कचऱ्यात टाकता येते. समुद्रकाठी ते परत समुद्रात जावे, विहिरीच्या आसपास नाही.

काच रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसावी. पुण्यात उन्हाळ्यातल्या बांधकामांच्या धुळीने दोन दिवसांत काचेवर पातळ पडदा येतो. मात्र दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये, ती तडकते.

पिण्यापूर्वी

पहिल्या आठवड्याचे पाणी पिऊ नये. ते इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही देऊ नये, फरशी पुसायला वापरावे. त्यानंतर टीडीएस मीटरने तपासावे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट मानले जाते. चांगल्या पेटीतून येणारे पाणी त्याच्या कितीतरी खाली, काही दशक मिलिग्रॅमच्या आत असते. आकडा एकाएकी वाढला तर शिंतोडे किंवा पन्हळीच्या सांध्यातली गळती शोधावी. खिशातला मीटर समुद्राचे पाणी थेट मोजू शकत नाही, कारण ३५,००० हा आकडा त्याच्या आवाक्याबाहेर असतो. एक भाग खाऱ्या पाण्यात नऊ भाग ऊर्ध्वपातित पाणी मिसळून मोजावे आणि उत्तराला दहाने गुणावे.

क्षार, फ्लोराइड, नायट्रेट आणि आर्सेनिक मागे राहतात, पण रॉकेल, पेट्रोल आणि काही कीटकनाशके यांची पाण्याबरोबरच वाफ होते. बंदरात होड्यांच्या डिझेलचा तवंग असलेले पाणी म्हणूनच घेऊ नये. ऊर्ध्वपातित पाण्यात क्लोरीन नसते, त्यामुळे पन्हळीत शेवाळ धरले किंवा बरणीत हात बुडाला तर ते पाणी दूषित होऊ शकते. पिण्यापूर्वी उकळणे चांगले. चवीला ते सपक लागते. मावशीकडे त्यात पावसाळ्यात साठवलेल्या विहिरीच्या चांगल्या पाण्याचा थोडा भाग मिसळतात. तान्ह्या मुलांसाठी आणि मूत्रपिंडाच्या आजाराच्या माणसांसाठी हे पाणी वापरायचे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

हे उपकरण कुठे वापरू नये

घरचा आर.ओ. समुद्राच्या पाण्यावर चालवून पाहावा असे अनेकांच्या मनात येते. तसे करू नये. आर.ओ.मध्ये पाणी दाबाने एका पातळ पडद्यातून, म्हणजे पटलातून, ढकलले जाते आणि क्षार मागे राहतात; क्षारांमुळे त्याला जो विरोध होतो तो परासरणी दाब, आणि समुद्राच्या पाण्याचा तो सुमारे २७ बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) असतो आणि त्यावर मात करण्यासाठी मोठ्या प्रकल्पांत ५५ ते ७० बार दाब वापरतात. ओट्यावरच्या यंत्राचा पंप त्याच्या जवळपासही जात नाही. मात्र योग्य पंप व पटल असतील तर ती पद्धत ऊर्जेच्या बाबतीत कितीतरी काटकसरीची आहे. मोठ्या प्रकल्पांत हजार लिटर पाण्याला तीन ते चार युनिट वीज लागते, तर आपल्या पेटीत हजार लिटरांची नुसती वाफ करायला साडेसहाशे युनिट उष्णता हवी. एक चौरस मीटर सौर पॅनेल दिवसाला साधारण एक युनिट वीज देते. लहान संयंत्राची कमी कार्यक्षमता धरूनही त्यातून मिळणारे पाणी आपल्या तीन लिटरांच्या अनेक पट होते. म्हणून गावाला, आश्रमशाळेला किंवा मोठ्या वस्तीला पाणी पुरवायचे असेल तर सौर पॅनेलवर चालणारा आर.ओ. प्रकल्पच योग्य. तिथे पटल बदलणारा, पंप दुरुस्त करणारा माणूस मात्र नेमलेला हवा. जिथे असा माणूस नाही, वीज बेभरवशाची आहे आणि गरज एका घरापुरती आहे, तिथे ही पेटी उपयोगी पडते, कारण तिच्यात फिरणारा एकही भाग नाही आणि बिघडले ते घरच्या माणसाला डोळ्यांनी दिसते.

कोकणात नेताना काच वेगळी, गोधडीत गुंडाळून, गाडीत उभी ठेवून न्यावी आणि सीलंट तिथे पोचल्यावर नव्याने लावावे. घाटाच्या वळणांवर जुना सांधा टिकत नाही. तिथे वाऱ्याने पेटी हलू नये म्हणून तिला चारही बाजूंनी जांभ्याचे चिरे लावावेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग लागण्यापूर्वी, ताट रिकामे करून गोड्या पाण्याने दोनदा धुवावे, तोटी उघडी ठेवावी, काच उतरवून घरात घ्यावी आणि पेटी पालथी करून पडवीत ठेवावी.